नको म्हणण्याचं वय

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात उन्हाळी सुट्टीत येणाऱ्या सहलींच्या पत्रकात सिंधुदुर्ग किल्ला आणि माशाच्या जेवणाच्या जोडीला आता स्कूबा असतोच. सहल शाळेची असो, क्लासची असो, सोसायटीतल्या मुलांची असो की एखाद्या साहस शिबिराची. आई-वडील वयाची अट वाचतात, आपलं पोर त्यात बसतं का ते बघतात आणि बसत असेल तर सही करून मोकळे होतात. वरवर पाहता हा पर्यटनातला किरकोळ तपशील. पण त्या सहीने एक माणूस दुसऱ्याच्या जिवाची जोखीम ठरवत असतो, आणि ज्याचा जीव आहे तो स्वतः होकार द्यायच्या वयाचा झालाय का, हे सही करणाऱ्याने तपासलेलं नसतं. म्हणून हा प्रश्न मुळात नीतीचा आहे. माझं म्हणणं असं की याचं उत्तर मुलाच्या होकारात शोधून सापडणार नाही. होकार सगळीच मुलं देतात. पैसे भरलेले, मित्र बघतायत, होडी समुद्रात उभी, अंगावर टाकी चढवलेली, अशा वेळी ‘मला नको’ असं जे मूल म्हणू शकतं, ते तयारीच्या जवळ आलेलं असतं. आणि ते ‘नको’ काही न बोलता ऐकून घेणारी मोठी माणसं ज्या गटात आहेत, त्याच गटाला मुलं पाण्याखाली नेण्याचा हक्क आहे.

आधी वयाच्या आकड्याचंच पाहू. जगभर स्कूबाचं प्रशिक्षण देणारी पॅडी ही संस्था दहाव्या वर्षापासून कनिष्ठ पाणबुड्याचं प्रमाणपत्र देते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने आई-वडील, पालक किंवा व्यावसायिक प्रशिक्षकाबरोबरच उतरायचं आणि १२ मीटरच्या खाली जायचं नाही. बारा ते चौदा वयात सोबत प्रमाणित प्रौढ हवा आणि मर्यादा १८ मीटर. पंधराव्या वर्षी प्रमाणपत्र मोठ्यांचं होतं. आठ वर्षांच्या मुलांसाठी दोन मीटर पाण्यातला खेळवजा कार्यक्रमही याच संस्थेचा आहे. उलट अमेरिकेतल्या बालवीर संघटनेने आपल्या ‘कब’ वयोगटाला स्कूबा सरळ बंद ठेवला आहे. म्हणजे आकडा निसर्गाने लिहून दिलेला नाही. पॅडीची अटही आधी बारा वर्षांची होती, ती २००० च्या सुमारास दहावर आली. त्या काळात दहा वर्षांच्या मुलांची फुप्फुसं किंवा कान काही बदलले नव्हते. लहान मापाची साधनं मिळू लागली होती, प्रशिक्षकांच्या गाठीला अनुभव होता आणि कुटुंबासह पाण्यात उतरू पाहणारं गिऱ्हाईकही होतं. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण दहा हा आकडा अनुभव, शक्यता आणि बाजार यांच्या तडजोडीतून आलेला आहे हे लक्षात ठेवलं की त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. शिवाय नियम नीट वाचला तर तो दहा वर्षांच्या मुलाला पाणबुड्या मानतच नाही. मोठ्याचा हात धरून उतरणारा, इतकंच मानतो. पत्रकात उतरताना नेमका हा अर्धा भाग गळून जातो.

शरीराचा विचार केला तरी तीच गोष्ट पुढे येते. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे टाकीतून छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर ती दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसाकडे ती जागा नसते. फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात, मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी खोल जावं लागतं असंही नाही. छाती भरलेली असेल तर पुरुषभर उंचीपेक्षा कमी पाण्यातून वर येतानाही हे होऊ शकतं. ‘उथळ आहे, काही होत नाही’ हे होडीवरचं आवडतं वाक्य म्हणूनच फसवं आहे. मुलांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी येतात. घशापासून कानापर्यंत जाणारी नळी त्यांच्यात आखूड, अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे कानातला दाब सोडवणं त्यांना अवघड जातं. फुप्फुसातल्या वायुकोशांची वाढ साधारण आठव्या वर्षापर्यंत जोरात चालू असते. वजनाच्या मानाने त्वचा जास्त, म्हणून ती लवकर गारठतात. हे सगळं वैद्यकीय तपासणीत पाहता येतं, साधनांनी थोडंफार सावरता येतं. जे सावरता येत नाही ते एका क्षणात घडतं: मास्कमध्ये पाणी शिरतं, नाकाला झोंबतं, आणि शरीर ओरडून सांगतं की तोंड मिट, श्वास धर, वर पळ. वाचायचं असेल तर नेमकं उलटं करावं लागतं. टाकीतली हवा देणारा तोंडातला रेग्युलेटर धरून ठेवायचा, श्वास घेत-सोडत राहायचं, आणि सावकाश वर यायचं.

हा नियम दहा वर्षांचं हुशार मूल तोंडपाठ म्हणून दाखवेल, दाब वाढला की हवेचं आकारमान घटतं हा बॉइलचा नियमही समजावून सांगेल. पण पाठ असणं आणि घाबरलेल्या अवस्थेत त्यावरून वागणं यांत अंतर आहे. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या विचारशक्तीची वाढ टप्प्यांत मांडली. समोर नसलेल्या, केवळ संभाव्य असलेल्या गोष्टींवरून तर्क करण्याची क्षमता त्याने साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापासून धरली. त्याच्या टप्प्यांच्या काटेकोरपणाबद्दल पुढे बरेच आक्षेप आले, आणि ते रास्त आहेत. सगळी मुलं एकाच वाढदिवशी शहाणी होत नाहीत. पण वाढीचा रोख त्याने बरोबर ओळखला. आत्ता दिसत नसलेला धोका डोळ्यांसमोर आणणं, तो आणून आत्ताच्या घाईला लगाम घालणं, हे काम मोठ्यांनाही सदैव जमत नाही.

याचा सर्वांत कठोर पुरावा थायलंडमध्ये मिळाला. २३ जून २०१८ रोजी थाम लुआंग गुहेत एका फुटबॉल संघाची अकरा ते सोळा वर्षांची बारा मुलं आणि त्यांचा पंचवीस वर्षांचा साहाय्यक प्रशिक्षक अडकले. पाणी भरत गेलं. ते जिवंत आहेत हे २ जुलैला कळलं. ६ जुलैला गुहेत हवेच्या टाक्या पोचवून परतताना थाई नौदलाचा माजी पाणबुड्या समान कुनान मरण पावला. मुलांना पाण्याखालून बाहेर आणायचं ठरलं तेव्हा जगातल्या उत्तम गुहा-पाणबुड्यांनी एक निर्णय घेतला: मुलं जागी असता कामा नयेत. ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी प्रत्येक मुलाला केटामाइन दिलं, हात मागे बांधले, पूर्ण चेहऱ्याचे मास्क लावले, आणि पाणबुड्यांनी वाटेत भुलीची इंजेक्शनं पुन्हा देत एकेकाला बाहेर काढलं. सगळे वाचले. मालवणचा स्वच्छ उथळ समुद्र आणि गढूळ अंधारी गुहा यांची बरोबरी करू नये हे खरंच. मला इथे रस आहे तो निर्णयामागच्या विचारात. पाण्याखाली घाबरलेलं जागं मूल स्वतःला आणि सोबतच्याला, दोघांनाही घेऊन बुडू शकतं, असं त्या तज्ज्ञांचं मत पडलं. त्यांनी मुलांची समजूत काढून, धीर देऊन, दोन तासांत शिकवून पाहिलं नाही. मुलांना त्यांनी सामान म्हणून वाहून आणलं, आणि तेही बरेच आढेवेढे घेतल्यानंतर.

आपल्याकडच्या पर्यटकी स्कूबातही मूल एका अर्थी सामानच असतं. पोहता न येणारेही उतरतात. मार्गदर्शक मागून टाकी धरतो, खाली नेतो, खडकाजवळ मासे दाखवतो, चित्रफीत काढतो, वर आणतो. काही मिनिटांचा मामला. यात मुलाने ठरवायचं असं काही उरत नाही, म्हणून पाणबुड्याच्या तयारीची कसोटी त्याला लावण्यात अर्थ नाही, असा बचाव केला जातो आणि त्यात तथ्य आहे. वाहून नेल्या जाणाऱ्याकडून वाहणाऱ्याइतकं कौशल्य मागू नये. पण वाहून नेल्या जाणाऱ्याकडे एक गोष्ट तरी हवीच: थांबवण्याची खूण. होडीवर मिनिट-दोन मिनिटांत खुणा शिकवल्या जातात. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक, अंगठा वर म्हणजे वर चला. आता जमिनीवर अंगठा वर करणं म्हणजे मस्त, झकास. मजेत असलेलं मूल कॅमेऱ्याला अंगठा दाखवतं आणि घाबरलेलं मूल, शिकवलेली खूण विसरून, नुसतं मान हलवतं. मार्गदर्शकाने दिवसभरात शेकडो अंगठे पाहिलेले असतात. त्यातला खरा कोणता हे त्याने ओळखायचं तर त्याच्या हाती एकच मूल हवं आणि त्याचं लक्ष कॅमेऱ्यात नको. इथे वयाचा प्रश्न मुलाकडून सरकून मोठ्याकडे जातो, आणि तो तिथेच जास्त काळ राहिला पाहिजे.

कायद्याने या गोष्टीचा विचार आपल्या पद्धतीने केलेला आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा नव्हे, सात ते बारा वयात मुलाची समज किती पिकली आहे ते पाहायचं, आणि बारा वर्षांखालच्याची संमती ही सहसा संमती मानायची नाही, हे भारतीय न्याय संहितेत आहे आणि १८६० च्या दंड संहितेतही होतं. जोखीम पत्करायला संमती देऊन दुसऱ्याला जबाबदारीतून मोकळं करण्याची मुभा तर अठरा वर्षांवरच्यालाच. स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिलनेही १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये आपलं तत्त्व मुलांना लागू नाही असं स्पष्ट केलं होतं. दुसऱ्या बाजूला, ब्रिटनमधल्या १९८५ च्या गिलिक खटल्याने सोळा वर्षांखालच्या मुलाला पुरेशी समज असेल तर उपचारांना संमती देता येते असं म्हटलं, आणि १९८९ च्या बालहक्क संहितेने मुलाचं म्हणणं त्याच्या वय आणि परिपक्वतेनुसार विचारात घ्यावं असं राष्ट्रांवर बंधन घातलं. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. कायदा आकड्यापासून समजेकडे सरकतो आहे. पण समज मोजायची कशी, हे तो सांगत नाही.

इथे आपल्या परंपरेत एक उपयोगी सूत्र सापडतं, जरी ते नीट निवडून घ्यावं लागतं. गृह्यसूत्रांनी मुंजीसाठी वर्णावरून आठ, अकरा आणि बारा ही वर्षं सांगितली, वरच्या मर्यादाही सोळा, बावीस, चोवीस अशा दिल्या. म्हणजे आकडा होता, पण तो सैल होता. वेदान्ताने मात्र अधिकारी कोण याचा विचार करताना आकडा सोडूनच दिला. शंकराचार्यांनी सांगितलेल्या साधनचतुष्टयात विवेक आहे, वैराग्य आहे, शमदमादी सहा गोष्टी आहेत, मुमुक्षा आहे. वय कुठेच नाही. आणि कठोपनिषदात यमाने नचिकेताची जी परीक्षा घेतली ती तर अगदी नेमकी आहे. पोर मृत्यूचं रहस्य विचारतं तेव्हा यम त्याला ज्ञानाचे प्रश्न घालत बसत नाही. दुसरं काही माग म्हणतो. शतायुषी पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सोनं, राज्य, अप्सरा पुढे करतो. नचिकेत ते सगळं नाकारतो आणि मग शिकवणी सुरू होते. मोहाला नाही म्हणता येणं हीच पात्रता ठरली. आपल्या विषयात मोह म्हणजे खुद्द डुबकी, मित्रांची वाहवा आणि मोबाइलवर मिळणारी चित्रफीत.

यावर दोन आक्षेप येतील. अधिकाराच्या याच कल्पनेने आपल्याकडे कित्येकांना जन्मावरून ज्ञानाच्या दाराबाहेर ठेवलं, मग ती मुलांसाठी परत का आणायची? आक्षेप खरा आहे. म्हणूनच पात्रता जन्मावर किंवा नुसत्या जन्मतारखेवर न ठरवता, दिसणाऱ्या वागण्यावर ठरवायला हवी आणि आज न दिसलेली उद्या दिसली तर दार उघडायला हवं. दुसरा आक्षेप असामान्य मुलांचा. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाली तेव्हा ज्ञानेश्वर, परंपरा धरली तर, पंधरा वर्षांचे होते. मग वयाची अट कशाला? पण ज्ञानेश्वरांवरून इयत्तेची पुस्तकं कुणी ठरवत नाही. गटाचे नियम गटातल्या सर्वांत कच्च्या मुलासाठी असतात. खालची वयोमर्यादा हवी ती एवढ्यासाठीच की प्रत्येक मुलाची समज पारखायला वेळ आणि माणसं नसतात, तेव्हा निदान एवढं तरी कुंपण असावं.

अधिक वजनाचा आक्षेप आहे तो धोक्याबद्दलचा. सायकल, झाडावर चढणं, विहिरीत पोहणं, क्रिकेटचा चेंडू, सगळ्यांत धोका आहे. धोका काढून टाकलेलं बालपण भित्री माणसं घडवतं. याच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. पण सायकलवरच्या मुलाला भीती वाटली तर ते पाय टेकतं. झाडावरचं मूल दोन फांद्या खाली येतं. त्यांचं ‘नको’ त्यांच्याच हातात असतं आणि लगेच लागू होतं. सहा मीटर पाण्याखाली पाय टेकून चालत नाही. तिथे थांबायलाही एक पद्धत लागते, ती दुसऱ्याच्या मदतीने पार पाडावी लागते, आणि ती चुकली तर दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. कोकणातल्या गाबित मच्छीमार घरांतली मुलं चालायला लागल्यापासून पाण्यात असतात, त्यांना शहरी मुलांची अट लावणं अन्याय होईल असंही कुणी म्हणेल. पाण्याची ओळख ही खरी तयारी आहे, त्या मुलांच्या अंगात पाण्यातली शांतता असते. गंमत अशी की बुडी मारणाऱ्या मुलाने आयुष्यभर कमावलेली सवय म्हणजे दम धरून ठेवणं, आणि टाकीची हवा घेतल्यावर तीच सवय घातक ठरते. त्यांनाही नव्याने शिकावंच लागेल, कदाचित जास्त सावधपणे.

आता गटाकडे वळतो, कारण माझा खरा रोख तिथे आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरवयीन मुलं एकटी असताना आणि मित्र सोबत असताना किती धोका पत्करतात ते मोजलं. मित्र बघत असले की त्यांची धोका घेण्याची तयारी बरीच वाढली. मोठ्यांवर हा परिणाम जवळपास दिसला नाही. म्हणजे एकट्याने समंजस वागणारं तेरा-चौदा वर्षांचं मूल गटात वेगळंच वागतं आणि गट म्हणजे काय तर बघणारे मित्र. बापाबरोबर होडीत बसलेली अकरा वर्षांची मुलगी रडून परत फिरू शकते. तीच वर्गमैत्रिणींसमोर दात-ओठ खाऊन उतरते. म्हणून कुटुंबासाठीची वयोमर्यादा जशीच्या तशी गटाला लावणं चूक आहे. आणि वय वाढलं म्हणजे गटाचा धोका संपला असंही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले चौदा विद्यार्थी बुडाले, ते काही बालक नव्हते.

मोठ्यांच्या जबाबदारीबद्दल महाभारताने जे दाखवलं आहे ते आपण अर्धवटच सांगतो. अभिमन्यूला व्यूह फोडून आत जाणं माहीत होतं, बाहेर पडणं माहीत नव्हतं, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण सोळा वर्षांच्या त्या मुलाने हे लपवलं नव्हतं. युधिष्ठिराला त्याने ते आधी सांगितलं. मोठ्यांनी शब्द दिला की तू वाट कर, आम्ही पाठोपाठ येतो. जयद्रथाने त्यांना दारातच अडवलं. मुलगा उत्साही होता, शूर होता, त्याची संमती पूर्ण माहितीनिशी होती. तरी दोष त्याच्या संमतीकडे जात नाही. ‘आम्ही आहोत ना’ म्हणणाऱ्यांनी आपण खरोखर तिथपर्यंत पोचू शकू का हे तपासलं नव्हतं. स्कूबामध्ये जोडीदाराची पद्धत आहे, त्याला बडी म्हणतात: दोघांनी एकमेकांची हवा, एकमेकांची खूण, एकमेकांची अडचण पाहायची. बारा वर्षांच्या दोन मुलांना एकमेकांचे बडी करणारा शिबिरप्रमुख युधिष्ठिराचाच शब्द देत असतो. एका मुलाने दुसऱ्याला हवा द्यायची, भीतीने मिठी मारणाऱ्याला सोडवायचं, आणि त्याला घेऊन सावकाश वर यायचं, हे मागणं त्याच्या बळाच्या आणि वयाच्या पलीकडचं आहे. स्वतःपुरतं तयार असणं आणि दुसऱ्याला उत्तरदायी असणं या दोन वेगळ्या तयाऱ्या आहेत. दुसरी उशिरा येते.

या सगळ्यावरून माझा कौल असा. गटाने नेण्यासाठी बारा वर्षांची अट किमान समजावी. दहा-अकराच्या मुलांनी उतरायचंच असेल तर आई-वडिलांबरोबर, आणि त्यांनी आधी स्वतः शिकून. बारा ते पंधरा वयात प्रत्येक मुलामागे एक प्रौढ हवा, मुलांची मुलांशी जोडी लावू नये. उतरण्याआधी पोहण्याच्या तलावात निदान एक सत्र व्हावं, आणि त्यात मास्कमध्ये पाणी भरू देऊन मूल काय करतं ते पाहावं. कान, दमा, सर्दी यांची तपासणी सहलीच्या दिवशी पुन्हा व्हावी. होडीचीही विचारपूस करावी, कारण २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, तो पाण्याच्या वर. आणि पालकांनी सही करण्याआधी आयोजकांना एक साधा प्रश्न विचारावा: माझं मूल होडीच्या काठावर बसून, सगळ्यांसमोर, नको म्हणालं तर स्कूबाचे पैसे परत मिळतील का, आणि त्याच्याजवळ होडीत कोण बसेल? परत मिळणार नाहीत असं उत्तर आलं तर सही करू नका.